फेस आला म्हणजे जंतू मेले?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. शेवटचा पाठवणारे आमच्याच इमारतीतले, वरच्या मजल्यावरचे काका. खाली त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं, "तुम्ही ते आंबट चहाचं करता ना, तुमच्या कामाचं आहे." कोथरूडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली दादरा बांधलेल्या तीन बरण्या गेली सहा वर्षं हलल्या नाहीत, त्यामुळे काम माझंच होतं हे खरं. हा आंबट चहा म्हणजे कोम्बुचा, गोड चहा आंबवून केलेलं पेय.

मेसेज असा: "कोम्बुचा, जिंजर एल, वाइन, बिअर, घरी काहीही आंबवा, पण भांडी धुवायला विषारी केमिकल घेऊ नका. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओता, फेस आला की जंतू मेले. उकळतं पाणी फिरवलं की भांडं निर्जंतुक. तांब्याच्या भांड्याला तेवढंही लागत नाही. फारच बुरशी धरली असेल तर ब्लीचमध्ये थोडं व्हिनेगर घाला, ताकद दुप्पट होते. लक्षात ठेवा, बुरशी आली म्हणजे भांडं नीट धुतलेलं नव्हतं." शेवटी जोडलेले हात आणि "एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांकडून साभार". शास्त्रज्ञांना नाव नव्हतं.

सुरुवात ब्लीचपासून करतो. बाकीचे मुद्दे नंतर, या एकानं माणूस लगेच दवाखान्यात जाईल. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्यानं खंदकांवर सोडला तोच हा वायू. हवेपेक्षा जड असल्यानं तो वर जात नाही, बेसिनवर वाकलेल्या माणसाच्या नाकापाशीच घोटाळतो. मोरीत, खिडकी बंद, हातात बरणी आणि घासणी, अशा अवस्थेत हा प्रयोग करायची कल्पना मला तरी सोसवत नाही.

या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो इतका पसरतो. ब्लीचच्या अगदी पातळ द्रावणाचा अल्कलीपणा कमी झाला की त्यात हायपोक्लोरस ॲसिड वाढतं, आणि जंतू मारायची खरी ताकद त्याचीच. पण हे मोजून, भरपूर पाण्यात, काय करतोय ते कळणाऱ्यानं करायचं काम. "थोडं व्हिनेगर घाला" या तीन शब्दांत ते मावत नाही. स्वयंपाकघरात नियम एकच ठेवावा: ब्लीचच्या जवळपास व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर आणायचं नाही.

आणि नुसतं ब्लीचही मी आता वापरत नाही. दुसऱ्याच वर्षी एका बरणीला ब्लीच लावून ती घाईघाईत दोनदाच विसळली होती. आठ दिवसांनी दादरा सोडला तर घरभर पट्टी बांधायच्या खोलीसारखा वास. चहात फिनॉल जातीची संयुगं भरपूर असतात. क्लोरीन त्यांना चिकटला की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ती अब्जात काही भाग इतकी कमी असली तरी जिभेला कळतात. पाच लिटर कोम्बुचा बेसिनमध्ये ओतला. शिवाय स्टीलच्या भांड्यात ब्लीच भिजत ठेवलं तर त्यातले क्लोराइड स्टीलला टोचे पाडतात. तळाला तपकिरी ठिपके दिसायला लागले की समजावं, ते घासून जाणार नाहीत.

आता तो फेस. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो म्हणजे आपला फेस. मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट. बाजारातलं साधं व्हिनेगर ४ टक्क्यांच्या आसपास असतं. अशा १०० मिली व्हिनेगरला साडेपाच ग्रॅम सोडा, म्हणजे सपाट चमचाभर, पुरतो. त्यात आम्लही संपतं आणि सोडाही. दोन कामाचे कामगार एकमेकांशी कुस्ती खेळून दमले आणि मालकानं ओरडा ऐकून काम जोरात चाललंय असं समजावं, तसला हा प्रकार. तुंबलेल्या जाळीतला गाळ बुडबुड्यांनी थोडा हलेल, पण जंतू त्या फेसाला हसतात.

वेगवेगळे वापरले तर दोघेही उपयोगी. ओल्या खायच्या सोड्यानं हलक्या हातानं घासलं की चहाचा पिवळा थर निघतो, काचेला ओरखडा जात नाही. व्हिनेगर उपयोगी पडतं क्षारांवर. खडकवासल्याचं नळाचं पाणी असेल तर हा प्रश्न फारसा जाणवत नाही, पण बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्यांच्या बरण्या धुऊन वाळल्या की धुरकट दिसतात. तो मळ नव्हे, कॅल्शियमचा थर. तिथे साबण कितीही घासा, हात दुखतील. व्हिनेगर किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड फिरवलं की काच लख्ख.

व्हिनेगरची आणखी एक गंमत मेसेजवाल्याला ठाऊक नसावी. "आईसकट" (विथ मदर) म्हणून विकतात ते गढूळ, न तापवलेलं व्हिनेगर जिवंत असतं. त्यातले ॲसिटिक आम्लाचे जिवाणू कोम्बुच्याच्या स्कोबीचे, म्हणजे चहावर धरणाऱ्या जिवाणू-यीस्टच्या चकतीचे, सख्खे भाऊबंद. कोम्बुच्याच्या बरणीला ते लागलं तर बिघडत नाही, मी स्वतः शेवटचं विसळणं जुन्या कोम्बुच्यानं करतो. पण वाइनचं भांडं त्यानं "निर्जंतुक" करणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. तेच जिवाणू वाइनचं व्हिनेगर करतात. एकच उपाय सगळ्याला चालतो म्हणणाऱ्या मेसेजला हे कळायला हवं होतं. बिअर-वाइनबद्दल जाता जाता: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही, म्हणून इथे केला.

उकळत्या पाण्याचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, पण अपुरा आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. यीस्ट आणि वाढत्या अवस्थेतल्या जिवाणूंना तेवढं पुष्कळ झालं. काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं त्यांचं सुप्त रूप, मात्र त्यातही तगतात. त्यांना १२१ अंश लागतात, म्हणजे प्रेशर कुकर. कोम्बुचा आंबट असल्यानं ते बीजाणू त्यात डोकं वर काढत नाहीत, म्हणून काळजी नको, पण याला "निर्जंतुक" म्हणू नये. शिवाय "फिरवलं" म्हणजे किती? गार बरणीत ओतलेलं उकळतं पाणी काचेला लागता लागता बरंच उतरतं, आणि उतरलं नाही तर साधी काच तडकते. प्लॅस्टिकची बाटली ७०-८० अंशांतच मऊ पडून वाकडी होते.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मेसेजमध्ये धुणं आणि जंतू मारणं ही दोन कामं एकच समजली आहेत, आणि त्यातलं पहिलं काम पार गाळलंय. मळ असलेल्या जागी जंतुनाशक पोचतच नाही. वरचा थरच ते खाऊन टाकतो आणि खालचे जंतू मजेत राहतात.

हे सांगितलं तर काका म्हणाले, "अहो, माझी बरणी बघा, तोंड दिसतं त्यात." मी म्हटलं, "काका, बरणी घेऊन या. रिकामी." ते तोटी असलेली पाच लिटरची काचेची बरणी घेऊन आले. खरंच आरशासारखी होती. मी आतला प्लॅस्टिकचा नट पान्यानं सैल केला, तोटी बाहेर ओढली. पांढरा वायसर तपकिरी झाला होता. नखानं उचलला तर त्याच्या मागे, काचेच्या भोकाच्या कडेला, शेवग्याच्या शेंगेच्या गरासारखा बुळबुळीत गोल थर. तोटीच्या नळीत कापसाचा बोळा घातला तर तो चहाच्या रंगाचा होऊन आला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोळ्याचा वास घेतला आणि म्हणाले, "हे मी पीत होतो?" सहा महिने पीत होते. त्यांना काही झालं नाही, आंबट पेयाचा तेवढा आधार असतो. पण त्यांचा कोम्बुचा दर वेळी तिसऱ्या दिवशीच कडवट का होतो, याचं उत्तर बहुतेक तिथेच होतं.

अशा थराला फेस चालत नाही आणि उकळतं पाणीही त्याला सोडवत नाही. त्याला लागतो अल्कली आणि वेळ. इथेच मेसेजमधल्या "विषारी केमिकल"चा समाचार घ्यायला हवा. घरी आंबवणारे जगभर ज्या पावडरी वापरतात त्यांतल्या बऱ्याचशांचा मुख्य घटक सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडलं की त्याचं होतं धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, वजनानं साधारण दोन भाग आणि एक भाग. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं. धुण्याचा सोडा तर आजीच्या काळापासून घरात आहे. विष कुठलं यात? महागड्या डब्याची गरज नाही, हे मात्र खरं. रविवार पेठेतल्या घाऊक केमिकलच्या दुकानात सुटं परकार्बोनेट मिळतं. कपड्यांची डाग काढायची पावडर घेणार असाल तर मागचं लेबल वाचा, सुगंध आणि रंग असलेली नको. प्लॅस्टिक आणि रबराला लागलेला सुगंध पुढच्या तीन खेपांत चाखायला मिळतो. भांड्यांच्या लिंबाच्या वासाच्या साबणाचंही तेच.

लिटरभर गरम पाण्याला १० ग्रॅम. पाणी ५०-६० अंशांचं, म्हणजे बोट क्षणभर टेकवता येईल पण ठेवता येणार नाही इतकं. हातमोजे घालून तोटी, नट, वायसर सगळं सुटं करून अर्धा तास भिजवा, थर फार जुना असेल तर रात्रभर. दोन गोष्टी मात्र पक्क्या: हे द्रावण झाकण घट्ट लावून कधीच ठेवू नका, ऑक्सिजन साठून बाटली फुटते. आणि ॲल्युमिनियमचं पातेलं यात घालू नका, काळं पडतं. नंतर साध्या पाण्यानं भरपूर विसळायचं. पाणी क्षारांचं असेल तर शेवटी सायट्रिक ॲसिड. कोम्बुच्याला एवढ्यावर गरम पाण्याचा एक हात पुरतो. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी ७० टक्के अल्कोहोल फवारावं आणि उडून जाऊ द्यावं. ९९ टक्के नको. अल्कोहोलला जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं.

याच्या उलट टोकाची मंडळीही असतात. मायक्रोब्रुअरीत टाक्या कॉस्टिक सोड्यानं धुतात म्हणून तेही कॉस्टिक आणतात. तिथे बंद नळ्यांतून पंपानं धुलाई होते, माणसाचा हात मध्ये येत नाही. आपल्या मोरीत कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर बरणी कितीही स्वच्छ झाली तरी काय उपयोग.

तांब्याचं थोडक्यात. तांब्याच्या पृष्ठभागावर जिवाणू मरतात हे खरं, पण कोम्बुच्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ३ च्या आसपास असतो. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो आणि ते पेयात उतरतं. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये ६ पेक्षा कमी पीएचच्या पदार्थाला तांब्याचा स्पर्श नको असा नियमच आहे. आपल्याकडे त्याला जुना शब्दच आहे: कळकणं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं हे आमच्या आजीला पीएच न मोजता माहीत होतं. तांबट आळीतला हंडा घ्या, सुंदरच असतो, त्यात पाणी भरा.

राहिला "बुरशी म्हणजे घाण भांडं" हा मुद्दा. त्यानं नवख्यांच्या मनात उगाच अपराधीपणा बसतो. बुरशीचे कण हवेत असतातच, बरणी कितीही घासा. बहुतेक वेळा चूक असते ती सुरुवातीच्या आंबटपणात. जुना आंबट कोम्बुचा किमान दहावा भाग घालायला हवा, म्हणजे पहिल्या दिवशीच पीएच ४.२ च्या खाली जातो आणि बुरशीला सहसा जागा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, तेव्हा सगळं रेंगाळतं आणि बुरशीला वेळ मिळतो. त्या दिवसांत मी जुना कोम्बुचा दुप्पट घालतो आणि बरणी फ्रिजच्या मागच्या उबेत ठेवतो. वर केसाळ, कोरडा, हिरवा-काळा ठिपका दिसला तर मात्र स्कोबीसकट सगळं फेकायचं, वरवर काढून प्यायचं नाही.

काकांची तोटी रात्रभर भिजवली. नळी स्वच्छ झाली, वायसरचा डाग गेला नाही. तो बदलायलाच हवा होता. तोटीवाल्या बरणीचा वायसर तसाही वर्षातून एक-दोनदा बदलावा, फूड-ग्रेड सिलिकॉनचा. दुकानात जाताना जुना खिशात घालून न्या, अंदाजानं आणलेला बसत नाही. काका दोनदा परत गेले.