परदेशातून : पाठीवरचा चंद्र

दांडिया बाजारातले माझे मामा बडोद्याच्या विद्यापीठातील फाइन आर्ट्स विद्याशाखेचे वार्षिक प्रदर्शन सहसा चुकवत नाहीत. यंदा तिथला एक व्हिडिओ पाहून त्यांनी फोनवर तक्रार केली, की एका विद्यार्थिनीने आपल्या उघड्या पाठीवर चंद्राचे छायाचित्र पाडले आहे, शेजारच्या पडद्यावर तीच मुलगी ते पाहत बसली आहे, आणि असली परदेशी खुळे लोकांपुढे मांडण्याआधी एखाद्या समितीने तपासली पाहिजेत. असे म्हणणारे मामा एकटे नाहीत.

ॲम्स्टरडॅममध्ये मी अकरा वर्षे राहते आहे, म्हणूनच ‘परदेशी’ या शब्दापाशी मी अडते. इथल्या स्टेडेलिक संग्रहालयात व्हिडिओ-कलावंत नाम जून पाइक यांची १९७४ सालची ‘टीव्ही बुद्ध’ ही कलाकृती आहे : बुद्धाची मूर्ती, समोर टीव्ही, त्यामागे कॅमेरा, आणि पडद्यावर स्वतःलाच पाहणारा बुद्ध. एकदा एक लहान मुलगी मूर्तीमागे वाकली, तिचा चेहरा पडद्यावर बुद्धाच्या खांद्याशी उमटला. ती दचकून मागे सरली आणि मग पुन्हा हळूच डोकावली. पाइक जन्मले सोलमध्ये. टीव्हीच्या काचेवर लोहचुंबकाने चंद्राच्या कला घडवण्याचे काम त्यांनी १९६५ मध्येच आरंभले होते.

आणि आपल्याकडे? सूर्याचे तेज सोसवेना म्हणून संज्ञा आपल्या जागी हुबेहूब छाया ठेवून निघून गेली, आणि त्या छायेच्या पोटी शनी जन्मला, ही कथा आजीने आम्हां भावंडांना, मामांच्याच घरात, कितीदा तरी सांगितली आहे. देह, त्याची प्रतिकृती आणि आकाशातला ग्रह एकाच गोष्टीत नांदतात, हे आम्हांला तेव्हा मुळीच परके वाटले नाही.

तपासणीच्या मागणीची मला खरोखर भीती वाटते. २००७ साली याच विद्याशाखेत परीक्षेसाठी लावलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली होती. इथे तसे घडत नाही, हे मोठेच सुख आहे. पण इथले बहुतेक प्रेक्षक अशा कामापुढे अर्धा मिनिट थांबून पुढे सरकतात, आणि त्या शांततेला मी सहिष्णुता म्हणणार नाही. मामा मात्र शेवटपर्यंत उभे राहिले. मुलगी श्वास घेते तेव्हा चंद्रावरचे खड्डे किंचित रुंदावतात, हे त्यांनीच मला सांगितले. पडद्यावरची मुलगीही त्याच लयीत श्वास घेत होती का, असे मी विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उद्या पुन्हा जाऊन बघतो.”