जोकरच्या गुलाबाला पुरावा म्हणू नये

बॅटमॅनचा वैरी जोकर आणि त्याची साथीदार हार्ली क्विन या जोडीविषयी एक विधान गेली अनेक वर्षे चित्रांखाली आणि व्हिडिओंवर लिहून फिरवले जात आहे. ही दोघे दुष्ट असली तरी त्यांचा एकमेकांवर खरा जीव आहे, मालिका पुढे सरकते तसे त्यांचे प्रेम गहिरे होत जाते, जोकर दर वेळी हार्लीसाठी परततो आणि तिला समजून घेणारा तोच एकटा आहे, असा त्याचा आशय. मात्र ज्या ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’मध्ये पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी 1992 मध्ये हार्लीला जन्म दिला, ती मालिका आणि तिचे पुढचे पर्व ओळीने पाहिले, तर या दाव्यातले एकही कलम टिकत नाही.

‘तो परततो’ हे कलम सगळ्यात कच्चे आहे. 1993 च्या ‘हार्ली अँड आयव्ही’ या भागात जोकर तिला अड्ड्यावरून हाकलून देतो. मग ती पॉयझन आयव्ही या दुसऱ्या खलनायिकेबरोबर दरोडे घालू लागते आणि वर्तमानपत्रे त्या दोघींचेच गुणगान करू लागतात, तेव्हा जोकरचे पित्त खवळते. न राहवून फोन करते ती हार्ली. त्या फोनचा माग काढून जोकर तिथे पोहोचतो, आणि याला ‘परतणे’ म्हणायचे असेल तर वसुलीला आलेल्या सावकारालाही पाहुणा म्हणावे लागेल. पुढे 1998 मध्ये त्याच्या हाती वारशाची रक्कम लागते, त्या वेळी हार्ली अर्खमच्या मनोरुग्णालयात अडकलेली असते. तिला सोडवण्याऐवजी तो तिच्या जागी दुसरीच मुलगी नेमून मोकळा होतो.

दुसरे कलम एकमेकांवरच्या खऱ्या जिवाचे. 1994 च्या ‘हार्लेक्विनेड’मध्ये शेवटी दोघे मिठी मारतात, तेवढेच दृश्य कापून प्रेमाचा दाखला म्हणून दिले जाते. त्याच्या आधी काय घडले, हे कोणी सांगत नाही. हार्ली शहरातच असताना अणुबॉम्बने सगळे शहर उडवून स्वतः निसटण्याचा त्याचा बेत असतो; हे लक्षात आल्यावर ती त्याच्यावर बंदूक रोखते, तुझ्याच्याने होणार नाही असे तो तिला डिवचतो, आणि ती खरोखर चाप ओढते. गोळीऐवजी गमतीचा झेंडा बाहेर येतो, म्हणून तो वाचतो, इतकेच. प्रसंग हास्यास्पद आहे आणि मीही दर वेळी हसतो, पण एकाने दुसरीला मरायला सोडले आणि दुसरीने पहिल्यावर चाप ओढला, याला गहिरे प्रेम कसे म्हणायचे?

आता मुख्य मुद्दा, प्रेम ‘वाढत जाण्याचा’. या मालिकेत नाते पुढे जात नाही. त्याविषयी प्रेक्षकाला असलेली माहिती पुढे जाते. हार्ली पडद्यावर आली 1992 मध्ये, परंतु तिची पूर्वकथा सांगणारा ‘मॅड लव्ह’ हा भाग प्रसारित झाला 1999 मध्ये, म्हणजे जवळजवळ शेवटी. (याच नावाचे कॉमिक 1994 मध्येच आले होते.) डॉ. हार्लीन क्विन्झेल ही अर्खममधली तरुण मानसोपचारतज्ज्ञ जोकरच्या प्रेमात पडते, ती त्याने सांगितलेल्या बालपणाच्या कहाणीमुळे: वडील मारायचे, पण एकदा सर्कशीत ते पोट धरून हसले. जोकरने मला मनातली गुपिते सांगितली, असे हार्ली उलटे टांगलेल्या बॅटमॅनला ऐकवते, तेव्हा तो सांगतो की एका पॅरोल अधिकाऱ्याला जोकरने हीच गोष्ट सांगितली होती, फक्त तिथे सर्कशीऐवजी बर्फावरचा खेळ होता. हार्ली पुटपुटते, सर्कस, तो सर्कसच म्हणाला होता. तिच्या सात वर्षांच्या निष्ठेचा पाया त्या एका शब्दापाशी खचतो, आणि हार्लीला आवाज देणाऱ्या आर्लीन सॉर्किन यांचा एरवी किणकिणणारा आवाज तिथे ऐकण्यासारखा आहे.

त्यानंतर जोकर येतो आणि भडकतो. बॅटमॅनला तिने जवळजवळ संपवले होते, आणि तो मान त्याला स्वतःसाठी हवा होता. तो तिला खिडकीबाहेर फेकतो. खाली जखमी पडलेली हार्ली दोष स्वतःकडे घेते: मला विनोद कळला नाही.

दावा करणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे याच भागातला गुलाब. बँडेजमध्ये गुंडाळलेली हार्ली आता त्याचे नाव घेणार नाही असे ठरवत अर्खममध्ये परतते, आणि कोठडीत ‘लवकर बरी हो’ अशी चिठ्ठी जोडलेले फूल पाहून क्षणात विरघळते. हा पश्चात्ताप असता तर चिठ्ठीत निदान क्षमेचा एखादा शब्द असता. पहिली भेट ठरवण्यासाठीही जोकरने तिच्या टेबलावर फूल आणि चिठ्ठीच ठेवली होती. म्हणजे तोच गळ, तेच आमिष. हार्लीचे प्रेम खरे आहे, हे मला मान्य आहे, किंबहुना त्यामुळेच ते दृश्य पाहवत नाही. मात्र एका बाजूचे प्रेम खरे असल्याने दुसऱ्या बाजूचे सिद्ध होत नाही.

राहिले शेवटचे कलम, तिला समजून घेणारा जोकरच एकटा आहे, हे. 1994 च्या ‘हार्लीज हॉलिडे’मध्ये बरी होऊन बाहेर पडलेली हार्ली एक पोशाख विकत घेते, सुरक्षेची पट्टी काढायची राहिल्यामुळे दुकानाचा रखवालदार तिला अडवतो, ती घाबरते आणि गैरसमजांच्या मालिकेतून दिवसअखेर पुन्हा अर्खममध्ये पोहोचते. तिथे बॅटमॅन तिला तोच पोशाख आणून देतो. तिने त्याचे पैसे दिले होते, हे त्याने लक्षात ठेवलेले असते.