हँडल मुलांनी मोडलं नाही

विज्ञान केंद्रातलं एखादं उपकरण बंद दिसलं की आपल्याकडे पहिला आळ मुलांवर येतो. ‘आपल्या लोकांना शिस्त नाही, हाती दिलं की मोडून ठेवतात.’ उपायही लगेच सुचवला जातो: हाताने फिरवायची, ओढायची यंत्रं काढून टाका, उरलेली काचेआड ठेवा, नाहीतर सरळ टचस्क्रीन आणि व्हीआरचे, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारे, चष्मे आणा. नव्या केंद्राची घोषणा झाली की हा सूर हमखास ऐकू येतो. मी अमेरिकेतल्या एका विज्ञान संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये अशीच यंत्रं बनवते आणि दुरुस्त करते. इथली मुलंही सगळं मोडतात. तितकंच, आणि तितक्याच उत्साहाने.

हाताने फिरवून दिवा पेटवायचं जनित्र घ्या. मूल येतं, आधी सावकाश फिरवतं, मग जीव खाऊन फिरवतं, मग उलटं फिरवतं, आणि शेवटी दोघं मिळून हँडलवर लोंबकळतात. याला मी बेशिस्त म्हणणार नाही. हे कुठवर ताणता येतं ते बघणं हाच तर प्रयोग आहे. म्हणून डिझाइन करताना ‘कधीच मोडणार नाही’ असं काही बनवायच्या मागे आम्ही लागत नाही. आधी काय मोडावं ते ठरवतो. हँडल आणि दांडा यांच्यामध्ये एक शिअर पिन बसवतो, मुद्दाम कमजोर ठेवलेली. कुणी लटकलं तर पिन तुटते आणि गिअर, बेअरिंग वाचतात. दहा मिनिटांत नवी पिन बसते. मात्र ती पिन खणात हवी आणि बसवणारा माणूस त्याच इमारतीत हवा. तो नसला की कुणीतरी सद्हेतूनेच तिथे पोलादी बोल्ट ठोकतं. पुढच्या वेळी बोल्ट टिकतो आणि गिअरचे दात जातात. मग त्या यंत्रावर ‘बंद आहे’ची पाटी लागते, ती महिनोन्महिने निघत नाही, आणि बोल मुलांना लागतो.

देखभालीचं बरंचसं काम तर पाना हातात न घेताच होतं. दारं उघडण्याआधी रोज प्रत्येक यंत्र चालवून बघायचं, बेअरिंगचा आवाज ऐकायचा. हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू खाली येऊ लागला असेल तर झोत सोडणाऱ्या पंख्याची, ब्लोअरची, जाळी धुळीने भरलेली असते. आज साफ केली नाही तर उद्या मोटर तापते. सफाई कर्मचाऱ्यांनाही यात धरावं लागतं. अॅक्रिलिकचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं, झाकण अल्कोहोल असलेल्या क्लीनरने पुसत राहिलं तर त्यात केसासारख्या भेगा पडतात, आणि मग आतलं काही धड दिसत नाही. हे एकदा नीट सांगितलं की पुरतं, पण सांगायला माणूस नेमलेला असावा लागतो.

टचस्क्रीनने हा प्रश्न सुटत नाही. तीही बंद पडते, आणि जागेवरच्या फिटरला ती उघडता येत नाही. कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं. शिवाय फिरत्या स्टुलावर बसून, फिरतं चाक हातात धरून ते तिरपं केलं की आपणच गर्रकन वळतो. शरीराला बसणारा तो हिसका कुठला पडदा देणार?

परदेशात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. टोरांटोचं ओंटारिओ सायन्स सेंटर १९६९ साली सुरू झालं, जगभर नावाजलं गेलं, आणि जून २०२४ मध्ये छताचे काँक्रीट पॅनेल धोकादायक असल्याचं सांगून प्रांताच्या सरकारने ते एका दिवसात बंद केलं. दुरुस्त्या लांबणीवर पडत असल्याचं लेखापरीक्षकांनी आधीच नोंदवलं होतं. त्याच १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने एक्स्प्लोरेटोरियम उभं केलं. तिथलं वर्कशॉप प्रेक्षकांना दिसेल असं ठेवलं, आणि यंत्रं कशी बनवायची याच्या कृती छापून इतर संग्रहालयांना खुल्या केल्या. उघडलेल्या यंत्रापाशी मुलं किती वेळ रेंगाळतात हे मी रोज बघते, त्यामुळे मला त्यांचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

आणि आपण यात नवखे मुळीच नाही. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय १९५९ चं. १९६५ पासून विज्ञान प्रदर्शनाच्या गाड्या गावांपर्यंत जाऊ लागल्या. इतक्या दूरवर पोचण्याची ही धडपड मला इथे अमेरिकेत फारशी दिसत नाही. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ ची, वरळीचं विज्ञान उद्यान १९७९ चं आणि तिथलं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ चं. परिषद आपली यंत्रं स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवत आली आहे. म्हणजे विद्या घरातच आहे. पण परिषद अनेक केंद्रं उभारून राज्य सरकारांच्या हवाली करते, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथून सुरू होते. बांधकामाचा पैसा एकदाच मिळतो, उद्घाटनाला सगळे येतात. पिनांचा, ग्रीसचा, फिटरच्या पगाराचा पैसा मात्र दरवर्षी नव्याने मागावा लागतो, आणि त्यासाठी कुणी फीत कापत नाही.

म्हणून वाद घालायचाच तर तो निविदेच्या कागदावर घालूया. प्रत्येक यंत्राचं ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी आणि जास्तीचे दोन संच पुरवठादाराने द्यावेत. आयटीआय झालेले फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन आपल्याकडे आहेत, पण विज्ञान केंद्रात अनेकदा त्यांच्यासाठी पद नसतं, किंवा असलं तर कंत्राटी असतं. दोन-तीन वर्षं तेच यंत्र हाताळल्यावर त्याचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखता येऊ लागतो, आणि नेमकं तेव्हाच कंत्राट संपून तो माणूस जातो. ही पदं कायमची करा. पैसे पुरत नसतील तर दालनं निम्मी बांधा, यंत्रं निम्मी ठेवा, पण फिटरची नेमणूक उद्घाटनाच्या आधी करा.