वाडा पाडू नका, पडू द्या

वाडा पाडायला जेसीबी आणणारी माणसं मला अडाणी वाटतात. खर्च होतो, शिवाय पेपरात फोटो येतो. आपल्या साताऱ्यात याहून सभ्य रीत आहे. वाडा जतन करायचं एकमुखाने ठरवा, आणि बसा.

सुरुवात एका फुटक्या कौलापासून करा. मृगाआधी ते बदलू नका. पाणी बरोबर तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे मुरतं, पुढचं काम वाळवी फुकटात करते.

भिंत ओली दिसली की वरून सिमेंटचा गिलावा द्या. गूळ, हिरडा घालून घाण्यात चुना मळत कोण बसणार? चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. बाहेरून भिंत टकाटक, आत पांढरीच्या मातीचा चिखल. चिमणपुऱ्यातल्या आमच्या वाड्याची पश्चिमेची भिंत दोन पावसाळ्यांत पोटुशी झाली. आत्या तिच्यावरून हात फिरवून म्हणाली, "हिचे दिवस भरलेत रे."

भिंतीतला पिंपळ मात्र दरवर्षी छाटा. मुळाला हात लावू नका, जोमाने फुटतो.

बागेचं सोपं आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावी वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात आमराईसाठी बारा मोटेची विहीर बांधली, वर विहिरीतच महाल! एवढा उपद्व्याप कशाला? आम्ही कारंज्याचा हौद राडारोड्याने भरला, वर पेव्हर ब्लॉक टाकले. तिथे आता चार मोटरसायकली छान राहतात. एक सोनचाफा उरलाय, त्याची फुलं सीटवर पडतात म्हणून तक्रार आहे.

आणि वाड्यात माणसं ठेवू नका. प्रतापसिंह महाराजांनी 1824 मध्ये राजवाडा बांधला, 1839 मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला धाडलं. तरी वाड्याचा राबता थांबला नाही. तिथल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं. पोरं बसली की डोक्यावर थेंब पडतो, मग कुणीतरी शिडी लावतं. कुलूप कसं, निवांत असतं.

आमचं जतन आता मार्गी लागलंय. आर्किटेक्ट येऊन गेले. अहवालात पहिलीच शिफारस: कौल बदला. त्याला 17 हिस्सेदारांच्या सह्या लागतात. 16 झाल्यात. सतरावे काका पुण्यात असतात. ते म्हणाले, "एवढा पाऊस होऊन जाऊ दे."