कोल्ड्रिंकचं खापर एकट्या आईवडिलांवर नको

सध्या ग्रुपागणिक एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: मुलं गोड पेयं पितात, कारण आईवडिलांना 'नाही' म्हणता येत नाही, गोडाची आवड उपजतच असते, कर आणि नियमांनी काही फरक पडत नाही, आणि खेळणाऱ्या मुलांना साखर बाधत नाही. हजारो पालकांना अपराधी वाटायला लावणारा हा मजकूर तपासायलाच हवा.

'दोष पालकांचाच.' घराचा वाटा मोठा आहे, हे खरं. फ्रिजमध्ये बाटली कायम असेल, मोठी माणसंही तेच पीत असतील, शाबासकी म्हणून तेच मिळत असेल, तर मूल पाण्याकडे वळणार नाही. पण शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय ठेवलंय, खिशातल्या पैशांत काय येतं, मित्र काय पितात, हे घरात ठरत नाही. किशोरवयात तर मित्रांचंच जास्त चालतं. त्यात जाहिराती. साधारण 7-8 वर्षांपर्यंतच्या मुलांना जाहिरात आपल्याला काही विकायला आलीय हेच नीट उमगत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मुलांपुढे होणाऱ्या अशा जाहिरातींवर बंधनं आणण्याची शिफारस केली. एवढा सगळा मारा एका आईवर करायचा आणि ती थकली की तिलाच बोल लावायचा, याचा मला मनापासून राग येतो.

'आवड उपजत असते.' असते, आणि बालपणी ती तीव्रही असते. पण किती गोड म्हणजे 'नेहमीचं', हे सवयीने ठरतं. शिवाय पातळ साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे मूल पुढचं जेवण तेवढंच जेवतं. 330 मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये सुमारे 35 ग्रॅम साखर असते. दिवसाला 1400 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी, दिवसाच्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त 10 टक्केच साखरेतून यावी ही मर्यादा धरली, तर दिवसभराची साखर त्या एका कॅनमध्येच संपते. पॅकबंद फळांच्या रसातली साखरही याच हिशेबात येते.

'कर आणि नियम निरुपयोगी.' इथे मजकूर सपशेल चुकतो. मेक्सिकोने 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो (तिथलं चलन) कर लावला. अशा पेयांची खरेदी पहिल्या वर्षी सुमारे 5.5 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 9.7 टक्के घटली. ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर आणला, तेव्हा कंपन्यांनीच बऱ्याच पेयांतली साखर कमी केली. म्हणजे मुलांनी चव बदलण्याआधीच बाटलीतला माल बदलला. चिलीने 2016 मध्ये जास्त साखरेच्या पेयांवर काळे इशारे छापणं, मुलांसाठीच्या जाहिराती रोखणं आणि शाळांत विक्री थांबवणं एकत्र केलं. इशारा लागलेल्या पेयांची खरेदी जवळपास 24 टक्क्यांनी उतरली. जर्मनीतल्या डॉर्टमुंड आणि एसेन शहरांतल्या प्राथमिक शाळांत पिण्याच्या पाण्याची यंत्रं बसवून वर्गात धडे दिले, तेव्हा मुलं जास्त पाणी प्यायली आणि त्यांच्यात वजन वाढण्याचा धोका 31 टक्क्यांनी कमी दिसला. गोड पेयं मात्र तिथे फारशी घटली नाहीत. माझ्या मते नुसतं पाणी ठेवून भागत नाही, शेजारची बाटलीही हलवावी लागते.

'खेळणाऱ्यांना चालतं.' तासाभराच्या नेहमीच्या खेळासाठी मुलांना पाणी पुरतं. आणि साखर व आम्लाने दातांची होणारी झीज मैदानावर कितीही धावून भरून येत नाही.