‘गरीब नेहमीच राहणार’: अर्ध्या वचनाचा फॉरवर्ड

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बेथानीत एका स्त्रीने येशूच्या मस्तकावर महागडं सुगंधी तेल ओतलं. ‘हे विकून गरिबांना दिलं असतं’ म्हणणाऱ्यांना येशूने गप्प केलं आणि ‘गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत’ असं सुनावलं. यावरून मेसेजवाल्याने चार गोष्टी काढल्यात. गरिबी हटणार नाही, त्या फंदात पडू नका. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पैसा आधी उपासनेला. गरिबांचं नाव काढतो तो यहूदा, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. आणि समाजसेवा हे मंडळीचं काम कधीच नव्हतं.

पहिल्या मुद्द्यासाठी मार्कच्या शुभवर्तमानातलं 14:7 उघडलं तरी पुरे. वाक्य तिथे संपतच नाही. पाहिजे तेव्हा तुम्हाला त्यांचं भलं करता येतं, असं येशू लगेच पुढे म्हणतो. मेसेजमध्ये नेमकं हेच कापलंय. शिवाय हे बोल जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायाची आठवण करून देणारे आहेत, आणि ऐकणाऱ्या यहुद्यांना तो अध्याय नवा नव्हता. देशात गरीब असायचेच, म्हणून त्यांच्यासाठी हात मोकळा सोड, अशी तिथे आज्ञा आहे. दर सातव्या वर्षी कर्जमाफी, हाही त्याच अध्यायातला नियम. त्यात पळवाट शोधणाऱ्याचाही बंदोबस्त करून ठेवलाय: सातवं वर्ष जवळ आलंय, पैसे बुडणार, असा विचार करून गरजू भावाला रिकाम्या हाताने परत पाठवलंस तर ते पाप. म्हणजे ‘असायचेच’ हे देण्याचं कारण आहे. न देण्याचं कारण ते झालं, ते फक्त आपल्या मेसेजमध्ये.

मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ही गोष्ट कुठे ठेवलीय तेही बघा. ती येते 26 व्या अध्यायात. त्याच्या अगदी आधी, 25 च्या शेवटी, मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तसा माणसांचा शेवटचा न्याय आहे. लहानातल्या लहानासाठी केलं ते माझ्यासाठी केलं, असं न्याय करणारा राजा तिथे सांगतो: मी भुकेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. तो निकाल वाचून पान उलटायचं आणि गरिबांपासून सुटका झाली म्हणायचं, याला चांगलीच छाती लागते.

आता पैशाचा मुद्दा. तेलाची किंमत तीनशे दिनारांच्या वर होती. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत मजुराला दिवसाचा एक दिनार ठरतो, म्हणजे आज मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाची जवळजवळ वर्षाची कमाई. रक्कम मोठीच. पण कुपी तिची स्वतःची होती. तिने ती येशू आणि शिष्यांच्या सामाईक पैशांच्या थैलीतून घेतली नाही, वर्गणी काढली नाही, कमिटीचा ठराव करून दुसऱ्याने चर्चला दिलेला दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) ओतला नाही. नव्या साउंड सिस्टीमच्या बिलावर या बाईची सही घेता येणार नाही. ज्याला येशूसाठी उधळायचंय त्याने खुशाल उधळावं, स्वतःच्या खिशातून.

आणि हे सगळं घडतं कुठे? कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी. मेसेजमधून हे घर गायब आहे. (ख्रिस्ती जोडप्यांना लागू होणाऱ्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे लग्न मोडायचं कारण 2019 पर्यंत टिकून होतं. शिमोनाच्या घरी जेवायला बसणं आपल्याला किती जड गेलं, हे त्यावरून समजावं.)

यहूदाचं म्हणाल तर तक्रार त्याची एकट्याची, असं योहानच सांगतो. मत्तयात शिष्य कुरकुरतात, मार्कात ‘काही जण’. योहानाचा आक्षेपही गरिबांची काळजी घेण्यावर नाही. यहूदाला ती काळजी नव्हतीच, तो थैलीतलं चोरायचा, असं तो लिहितो. पुढच्याच अध्यायात, शेवटच्या भोजनावरून यहूदा उठून जातो तेव्हा काहींना वाटतं की येशूने त्याला गरिबांना काही द्यायला पाठवलं असेल. असं मनात येतं याचा अर्थ त्या थैलीतून गरिबांना देणं नेहमीचंच होतं.

चौथ्या मुद्द्यावर फार लिहायला नको. पुणेकराने दौंडच्या गाडीत बसून केडगावला उतरावं. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्यात आणली. 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवा त्यांनी आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं राहिलं: शेती, विणकाम, छापखाना, शाळा. ज्या 1905 च्या आत्मिक जागृतीचे दाखले उपासनेवर भर देणारे आपले लोक अभिमानाने देतात, ती याच मुक्तीत झाली, दुष्काळातून वाचलेल्या मुलींमध्ये. उपासना एका खोलीत आणि भाकरी दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी तिथे नव्हती.

मेसेजची एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. येशूने त्या बाईची बाजू घेतली, आणि तिने हे माझ्या उत्तरक्रियेसाठी केलं, असं म्हणाला. वस्तीतलं एखादं घर उसनवारी करून आईच्या पेटीवर महागडी फुलं घालतं, तेव्हा ‘यांना एवढा खर्च कशाला हवा’ असं दफनभूमीत कुजबुजणारे आपल्यातलेच वडीलधारे असतात. ‘तिला का त्रास देता?’ हा येशूचा प्रश्न त्यांना आहे. पुढच्या आठवड्यात त्याच घरात रेशन भरलंय का, हे बघायला जाणाऱ्याला नाही.