नानांची भरलेली बाटली

आज दुपारी कॉलेज रोडवरच्या एका टूरवाल्याच्या ऑफिसातून मी तावातावाने उठून आले. अजून डोकं शांत झालेलं नाहीये म्हणून इथे लिहितेय.

सोबत आमच्या शेजारचे काका-काकू होते. यंदा त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, मुलगा पुण्याला, तो मला फोनवर म्हणाला ताई तुम्ही जरा यांच्यासोबत जा आणि एखादी निवांत फॉरेन ट्रिप बघा, पैशांचं मी बघतो. काका एकोणसत्तर, बीपीची गोळी चालू. काकूंना शुगर आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हे सगळं काउंटरवरच्या पोराला व्यवस्थित सांगितलं. त्याने मान हलवली, माहितीपत्रक पुढे सरकवलं आणि म्हणाला, "नऊ रात्री, सात देश. काका, एकदम पैसा वसूल."

काकूंनी हळूच विचारलं, "मधे एखादा दिवस मोकळा असतो का हो?" तर तो हसून म्हणतो, "मोकळा दिवस म्हणजे पैसे वाया ना काकू."

बस, तिथेच मला नानांची बाटली आठवली.

माझ्या जवळच्या लोकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. २०१८ ला मी आणि भावाने मिळून आई-नानांना युरोपला पाठवलं. नाना प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून रिटायर झालेले, आयुष्यभर नाशिकरोडला शिफ्ट केली, लांबचा प्रवास म्हणजे एकदा काशी आणि एकदा रामेश्वर. आम्हाला वाटलं आता द्यायचं तर एकदम दणक्यात देऊ. असंच माहितीपत्रक होतं, असेच देश मोजले होते, मीच मोजले होते. नाना तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते आणि प्रोस्टेटचा त्रास होता. हे फॉर्मवर लिहिलं की नाही तेही मला आज आठवत नाही.

आई रोज सकाळी हॉटेलातून निघताना हिरव्या झाकणाची बाटली भरून नानांच्या हातात द्यायची. संध्याकाळी ती बाटली तशीच भरलेली परत यायची. नाना पाणीच प्यायचे नाहीत. का? तर प्यायलो की जावं लागणार, आणि जावं लागलं की चाळीस माणसांची बस थांबवायला सांगावी लागणार. माझे वडील, ज्यांनी कधी कोणाकडे पाच मिनिटं उसनी मागितली नाहीत, ते अनोळखी लोकांसमोर उठून "जरा गाडी थांबवा" म्हणतील का हो? पॅरिसहून स्वित्झर्लंडला येताना दिवसभर बस, तोंड कोरडं, आणि हा माणूस हातात पाण्याची बाटली धरून बसलेला. तिकडे कायदा आहे, साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते. चांगलाच कायदा आहे. पण ड्रायव्हरच्या शरीराचा विचार करणारं कोणीतरी आहे आणि सत्तरीच्या माणसाच्या शरीराचा विचार कोणीच करत नाही, हे मला नंतर फार लागलं.

ल्युसर्नला चाळीस मिनिटं दिली होती. चाळीस! तिथे नदीवर चौदाव्या शतकातला लाकडी पूल आहे, कठड्याला फुलं लावलेली असतात, पलीकडे तळं आणि मागे डोंगर. नानांनी काय बघितलं? टॉयलेटची रांग. आत जायला नाणं लागतं, यांच्याकडे सुट्टं नाही, आई घड्याळांच्या दुकानात सुट्टे मागत फिरतेय. परत आले तर टूर मॅनेजर झेंडा हलवत उभा. दुसऱ्या दिवशी टिटलिस, तीन हजार मीटरच्या वर, केबल कारने झटक्यात वर नेतात, तिथे नानांना धाप लागली. बर्फात दोघांचा फोटो आहे, आमच्या हॉलमध्ये लावलाय. पाहुणे म्हणतात वा काय मस्त. मी तो फोटो बघते तेव्हा मला नानांचे कोरडे ओठ दिसतात.

पुढे ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या हॉटेलात नाना रात्री चक्कर येऊन पडले. पाणी कमी पडलं आणि लघवीचं इन्फेक्शन. सलाईन लावलं, दोन दिवस गेले, बाकीचा ग्रुप इटलीत पुढे निघून गेला. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाला, ३०,००० युरोचं इन्शुरन्स सक्तीचं असतं म्हणून ते होतं, नाहीतर आम्ही तेसुद्धा कशाला उगाच खर्च म्हणून टाळलं असतं. आणि या सगळ्यात आम्हाला फोनवर रोज काय उत्तर? "मस्त चाललंय, काही काळजी करू नका." मुलांनी एवढे पैसे घातले, तक्रार कशी करायची. आपली आधीची पिढी अशीच आहे, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की आमचे आई-बाबा ग्रुपसोबत गेले आणि खूप एन्जॉय केलं. केलं असेल. जेवायला वरण-भात मिळतो, भाषेची भीती नाही, सोबत होते. मान्य आहे. पण मग त्याच ग्रुपला एका गावात चार दिवस ठेवा ना, रोज सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर कशाला?

ऑफिसातून निघाल्यावर काका-काकूंना घेऊन उसाचा रस प्यायला थांबलो. मी जरा शांत झाले आणि काकांना सरळ विचारलं, तुम्हाला नक्की काय करायचंय तिकडे जाऊन? काका बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "समुद्रासमोर बसून हिच्यासोबत चहा प्यायचाय. घाई नको. चाळीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नाही, कोणी ना कोणी सोबत होतंच." काकू रस पिता पिता खाली बघत होत्या. खरं सांगते, तो काउंटरवरचा पोरगा मला जरा माफ करावासा वाटला. त्यानेही त्यांना हे विचारलं नव्हतं आणि २०१८ ला मीही नानांना विचारलं नव्हतं.

तर आता मी मॉरिशसच्या मागे लागलेय. मुंबईहून थेट विमान, सहा-साडेसहा तास. घड्याळ फक्त दीड तास मागे, म्हणजे शुगरच्या गोळ्यांचं आणि झोपेचं गणित बिघडत नाही. आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, नानांच्या वेळी ठसे द्यायला मुंबईला मारलेला हेलपाटा मी विसरलेली नाहीये. अख्खं बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठ-सत्तर किलोमीटर, आपलं नाशिक-शिर्डी याहून लांब. त्यामुळे आठही रात्री एकाच हॉटेलात राहायचं, बॅग एकदा उघडायची आणि एकदा बंद करायची. बहुतेक किनाऱ्यांना प्रवाळाची भिंत आहे म्हणून आतलं पाणी संथ, काकूंना गुडघाभर पाण्यात उभं राहता येईल. आणि कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या आपल्या माणसांची पुढची पिढी तिथे आहे, गणेश चतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी असते! हे ऐकून काकूंचा चेहरा बघायला हवा होता. डाळ भरलेली पातळ पोळी मिळते रस्त्यावर, धोल पुरी म्हणतात, खाण्याचंही अडणार नाही. जायचं ते ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात, तेव्हा हवा कोरडी आणि गार असते. नोव्हेंबरनंतर वादळांचे दिवस सुरू होतात.

दिवसाला एकच गोष्ट, तीही सकाळी. एक दिवस पाम्पलमूसची बाग, ती परातीएवढी कमळाची पानं बघायला. एक दिवस गंगा तलाव, तिथल्या हिंदूंचं तीर्थाचं तळं. एक दिवस पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ते मजूर बोटीतून उतरले. बाकीचे दिवस काहीही नाही. काहीही नाही म्हणजे खरंच काहीही नाही, काकांचा चहा.

आणि एक, आपली नाशिककरांची खोड. पहाटेचं विमान असलं की रात्री जेवून गाडीत बसायचं, कसारा घाट उतरायचा आणि जागरण करून थेट विमानतळ. तरुणपणी ठीक आहे. काका-काकू आदल्या दिवशी दुपारीच निघणार आणि एअरपोर्टजवळ मुक्काम करणार. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगायची, काका लगेच म्हणाले मी काय पांगळा आहे का, म्हटलं काका चालायचं ते तिकडे वाळूत चाला, रांगेत कशाला. दोघांच्या सीट पॅसेजच्या बाजूच्या, म्हणजे उठता येतं. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. इन्शुरन्स काढताना बीपी, शुगर, ऑपरेशन सगळं खरं लिहायचं. आणि खोली बाथटब नसलेली. हे कोणी सांगत नाही, पण ओल्या टबाच्या काठावरून पाय टाकून आत जायचं म्हणजे काकूंच्या गुडघ्याची परीक्षा.

संध्याकाळी आईकडे गेले आणि नानांना हे सगळं सांगितलं. नाना पंचाहत्तरी ओलांडून गेलेत, आता नाशिकच्या बाहेर जात नाहीत. कधी नाही ते मी आज विचारलं, नाना, तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं? ते म्हणाले, "अगं, तू किती हौसेने पाठवलं होतंस." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "तो पूल मात्र नीट बघायचा राहिला." मला पुढे बोलताच आलं नाही. आईने विषय बदलला, चहा टाकला.

मला पैशांचं वाईट वाटत नाही. तो पूल बघायला एक अख्खी दुपार देता आली असती. बाजूला टॉयलेट असलेलं एखादं हॉटेल, खिडकीतून तळं, बस नाही, झेंडा नाही. तेवढ्याच पैशात झालं असतं.

असो. कोणी मॉरिशसला पश्चिमेकडे, फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूला राहून आलं असेल तर कृपया मला सांगा, तळमजल्याची खोली हवीय, समुद्र खोलीतून दिसला पाहिजे आणि बाथरूममध्ये धरायला दांडा पाहिजे. काकांच्या मुलाला बुधवारी फोन करायचाय.